थंडीत स्लायडर कासव खात नाही, शीही दिसत नाही : आहार आणि पचनाबद्दल मदत हवी

गोदाकाठ :

नमस्कार मंडळी. घरी लाल कानाचं स्लायडर कासव आहे. पुढच्या पायांची नखं आखूड आहेत, म्हणजे मादी असावी. पाठीची लांबी १७ सेंमी, वजन ८१० ग्रॅम. मुक्काम नाशिक.

नेमकं सांगता यावं म्हणून सगळं मोजून लिहितोय. टाकी ९० × ३८ × ४५ सेंमीची, त्यात साधारण १०० लिटर पाणी. थर्मामीटरवर पाणी सकाळी १९ अंश, दुपारी २२. हीटर नाही. वर ४० वॉटचा साधा पिवळा बल्ब आहे, यूव्हीबी (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) दिवा नाही. तळाला ५ ते ८ मिमीचे रंगीत खडे. वर येऊन बसायला थर्माकोलचा जाड तुकडा. त्याच्या कडा कुरतडलेल्या दिसतात. खाणं : सकाळ-संध्याकाळ पेलेट (कासवाच्या तयार खाण्याच्या गोळ्या), अधूनमधून सुकी कोळंबी, कधी पालक किंवा कोबीचं पान.

दिवाळीनंतर थंडी पडली तसं खाणं कमी होत गेलं, आता पेलेट हुंगूनही बघत नाही. शेवटची शी दिसली तेव्हा त्यात पेलेटचे तुकडे तसेच होते. त्यानंतर शी दिसलेलीच नाही. डोळे मिटून बसून असते. पोहते तेव्हा सरळ पोहते, नाकातून काही येत नाही.

प्रश्न असे : हे बद्धकोष्ठ आहे का? शेजारचे काका थोडं इसबगोल किंवा दोन थेंब एरंडेल द्या म्हणतात, चालेल का? आणि तिला खायला नेमकं काय, किती द्यायचं?

---

शेवाळ :

इसबगोल नको, एरंडेल नको, बाळघुटीही नको. कासवाच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं. जबरदस्तीने तोंड उघडून तेल ओतलं की ते फुप्फुसात जाण्याची भीती असते, आणि तेलाने झालेला न्यूमोनिया बरा करणं फार कठीण. इसबगोल पाणी शोषून फुगतं. आतडं आधीच थंडावलेलं असताना त्यात फुगणारा गोळा घालणं म्हणजे नसलेला अडथळा तयार करणं.

तुमच्या सगळ्या माहितीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो १९ अंशांचा आकडा. कासवाला अंगची ऊब नसते. पाचक रस, आतड्याची हालचाल, आतड्यातले जिवाणू, सगळं बाहेरच्या उष्णतेवर चालतं. पाणी २० च्या खाली गेलं की हे कामकाज फार मंदावतं. अशा वेळी पोटात अन्न ढकलणं म्हणजे गार चुलीवर डाळ चढवणं; ती शिजत नाही, आंबते. शीमध्ये पेलेट तसेच निघाले ते यामुळेच. तिने खाणं सोडलंय ती तिच्या शरीराची समजूत आहे, तेव्हा पाणी तापेपर्यंत खायला काहीही देऊ नका. आधी खात होती आणि वजन चांगलं आहे, एवढ्या वाढलेल्या कासवाला दोन आठवडे उपास सहज झेपतो. नाण्याएवढ्या पिल्लाचं मात्र तसं नसतं.

आता हीटर. पाणी २५-२६ अंशांवर स्थिर ठेवायचं आहे. नाशिकची खोली रात्री १४-१५ वर उतरत असेल तर पाणी खोलीपेक्षा ११-१२ अंशांनी वर राहायला हवं. लिटरमागे १ वॉट हा दुकानात सांगतात तो हिशेब इथे पुरणार नाही. १०० लिटरला २०० वॉटचा, थर्मोस्टॅट असलेला, पाण्यात पूर्ण बुडणारा हीटर घ्या. त्यावर प्लास्टिकची जाळी बसवा, कारण एवढं कासव कवचाच्या धडकेने काचेचा हीटर फोडतं. फिल्टरच्या धारेजवळ आडवा लावा म्हणजे गरम पाणी टाकीभर फिरेल. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, दुसऱ्या टोकाला वेगळा थर्मामीटर ठेवा. पाणी बदलताना आधी प्लग काढून १५ मिनिटं थांबा. चालू हीटर पाण्याबाहेर आला की काच तडकते. टाकीत हात घालायच्या आधी प्लग काढलेला असलाच पाहिजे.

१९ वरून एकदम २६ करू नका. दिवसाला २ अंश, एवढंच. टाकीची मागची बाजू आणि दोन्ही कडा बाहेरून थर्माकोलने झाकल्या तर रात्रीची घसरण बरीच थांबते.

बसायच्या जागेवर, तिची पाठ जिथे येते त्या उंचीला, ३१ ते ३३ अंश हवेत. बल्बखाली थर्मामीटर अर्धा तास ठेवून मोजा. ४० वॉटचा पिवळा बल्ब फूटभर उंचीवरून एवढं तापवत नाही. ५० वॉटचा हॅलोजन २५ सेंमीवर लावून बघा, कमी-जास्त वाटलं तर उंची बदला. रोज १० ते १२ तास, रात्री बंद. जागा अशी हवी की कवच खालून-वरून पूर्ण कोरडं होईल.

राहिला बद्धकोष्ठाचा प्रश्न. शी दिसली नाही म्हणजे झाली नाही असं नसतं. फिल्टर ओढून घेतो, कधी कासव स्वतःच खातं. खात्री करायला, आणि आतड्याला चालना द्यायलाही, कोमट पाण्यात बसवा. वेगळा टब, २८-२९ अंशांचं पाणी, खोली एवढीच की चारही पाय टेकून तिची मान आरामात वर राहील. रोज २० ते ३० मिनिटं. पाणी लवकर गार होतं, म्हणून थर्मामीटर टबातच ठेवा आणि कडेने थोडं थोडं गरम पाणी घाला, अंगावर नाही. बहुतेक कासवं यात ३-४ दिवसांत शी करतात.

---

खवले_आणि_कवच :

मी पशुवैद्य आहे, पण इथून निदान करत नाही. वरचा क्रम बरोबर आहे. त्यात एका गोष्टीची भर घालतो : थर्माकोल आजच्या आज काढा.

कुरतडलेल्या कडा म्हणजे तुकडे पोटात गेलेत असंच धरा. थर्माकोल पचत नाही, आतड्यात साठतो. शिवाय साध्या एक्स-रेवर तो जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे डॉक्टरांना तुम्ही सांगितलंच पाहिजे, म्हणजे ते गरज पडल्यास बेरियम (एक्स-रेवर उठून दिसणारं औषध) पाजून फोटो घेतील. बसायला सपाट दगडांची रचना, कॉर्कची साल किंवा कासवासाठी मिळतो तो घट्ट प्लास्टिकचा प्लॅटफॉर्म वापरा. ५ ते ८ मिमीचे खडेही काढा. ते नेमके गिळण्याच्या मापाचे आहेत. तळ मोकळा ठेवा, किंवा तिच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे ठेवा. कॅल्शियम कमी पडत असलेलं कासव खडे जास्त गिळतं, आणि तुमच्याकडे यूव्हीबी नाही हे लक्षात घ्या.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर घरचे उपाय थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा :

तोंड उघडून श्वास, नाकातोंडातून फुगे किंवा चिकट स्राव. एका कुशीवर कलंडून पोहणं. हे बहुधा फुप्फुसाचं असतं. मागची बाजू वर तरंगणं आणि बुडता न येणं. हे बहुधा आतड्यातल्या वायूचं असतं. शीमध्ये रक्त. वारंवार कुंथणं. सुजून बंद झालेल्या पापण्या. वजन आधीपेक्षा १० टक्के किंवा जास्त घटणं, म्हणजे तुमच्या बाबतीत ७३० ग्रॅमच्या आसपास. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, फक्त तो कासवासाठी वेगळा ठेवा.

मागून लालसर-गुलाबी मांसल भाग बाहेर आला तर तो आत ढकलू नका. मऊ ओल्या कापडात साखरेचं दाट पाणी घेऊन तो भाग ओला ठेवा (साखरेने सूज उतरते), कासवाला पाण्याबाहेर, ओल्या कापडावर ठेवा म्हणजे चावून इजा होणार नाही, आणि लगेच निघा. नरांमध्ये काळपट-जांभळं, फुलासारखं काही बाहेर येऊन काही मिनिटांत आत जातं. ते लिंग असतं, आतडं नव्हे. त्याने घाबरू नका.

तुमची मादी १७ सेंमीची आहे, म्हणजे अंड्यांचा विचार करायलाच हवा. नर नसतानाही मादी अंडी धरते, आणि ती अडकली तर खाणं सोडणं, कुंथणं, मागच्या पायांनी उकरणं अशी लक्षणं दिसतात. एकाच एक्स-रेमध्ये खडे आणि अंडी दोन्ही दिसतात. तापमान बरोबर झाल्यावरही आठवडाभरात खायला लागली नाही, तर एवढी तपासणी कराच. जवळ कासवं बघणारे डॉक्टर नसतील तर परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करा.

जंतांबद्दल : शी तपासल्याशिवाय औषध नाही. त्याच दिवशीची, ओली शी स्वच्छ डबीत न्या. वाळलेल्या शीतून काही कळत नाही. आणि हे मोठ्या अक्षरात वाचा : आयव्हरमेक्टिन कासवाला कधीही द्यायचं नाही. कुत्र्या-गुरांना सर्रास दिलं जाणारं हे औषध कासवात मज्जासंस्थेत शिरतं, पाय-मान लुळी पडते आणि कासव दगावतं. डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे असतील तर हे नम्रपणे आधी बोला. इंजेक्शन द्यायची वेळ आलीच तर ती शरीराच्या पुढच्या भागात द्यायची प्रथा आहे, कारण मागच्या भागातलं रक्त मूत्रपिंडातून जातं.

---

अझोला :

आता खाण्याचं बघू.

स्लायडर लहानपणी मुख्यतः मांसाहारी आणि मोठेपणी मुख्यतः शाकाहारी. दुकानदार हे सांगत नाहीत. १७ सेंमीच्या मादीला रोज दोनदा पेलेट म्हणजे पिल्लाच्या आहारापेक्षाही जास्त झालं. जादा प्रथिनांचा भार मूत्रपिंडावर पडतो, चरबी यकृतात साठते. तिने पाय आत ओढले की पायांच्या बुडाशी मांसाच्या वळकट्या बाहेर येतात का ते बघा. येत असतील तर वजन जास्त आहे.

पेलेट दर दोन-तीन दिवसांनी एकदा, आणि तेही तिच्या डोक्याच्या (मान सोडून) आकारमानात बसतील एवढेच. पाकिटावर प्रथिनं किती टक्के ते वाचा. ४० टक्के प्रथिनांचे पेलेट पिल्लांसाठी. मोठ्या कासवाला २५ ते ३० टक्केवाले बघा. पाकीट फोडल्यापासून सहा महिन्यांत संपवा, दमट हवेत तर लवकरच. बुरशीचा वास आला तर सरळ फेका.

सुकी कोळंबी, म्हणजे दुकानातली असो की बाजारातला जवळा-सुकट, हा आहार नव्हे. तिच्यात अ जीवनसत्त्व जवळपास नसतं. केवळ तिच्यावर ठेवलेल्या कासवांच्या पापण्या सुजतात, ती आंधळ्यासारखी होतात आणि मग खात नाहीत. बाजारच्या सुकटीत वाळू आणि मीठही असतं. त्याऐवजी आठवड्यातून एकदा कवचासकट ताजी छोटी कोळंबी, नाहीतर एक-दोन गांडुळं. गांडूळ ज्या मातीत औषध फवारलेलं नाही तिथलंच घ्या, आणि धुवून द्या. सोनेरी मासा खायला घालू नका. त्यात ब१ जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं. ब्रेड, पोळी, भात, बिस्किट, दूध, चीज ही नावं या टाकीच्या जवळपासही नकोत.

पाला रोज हवा, आणि इथेच सगळ्यांची गफलत होते. पालक, चुका, चाकवत, माठ, राजगिरा, घोळ या आपल्या रोजच्या भाज्यांत ऑक्झॅलेट भरपूर असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. अळू तर अजिबात नाही. कोबी-फ्लॉवर नेहमी दिला तर थायरॉइडला त्रास. त्यापेक्षा शेवग्याचा कोवळा पाला (कॅल्शियमसाठी यासारखं काही नाही), तुतीची कोवळी पानं, जास्वंदीची पानं आणि फुलं, रोमेन लेट्यूस, डकवीड (पाण्यावर तरंगणारी इवलीशी हिरवी वनस्पती). मेथी-कोथिंबीर अधूनमधून. लाल भोपळा आणि गाजर किसून आठवड्यातून दोनदा, अ जीवनसत्त्वासाठी. काकडी-दुधी म्हणजे पाणीच, पण आतडं सैल व्हायला बरे. बाजारचा पाला अर्धा तास पाण्यात बुडवून, दोनदा धुवून द्या. फवारणीचं औषध एवढ्याशा जिवाला थोडंही पुरतं.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारं छोटं नेचं. दुधाची जनावरं पाळणाऱ्या शेतकऱ्यांकडे मिळतो, उथळ टबात १० सेंमी पाण्यावर सावलीत वाढतो. शेणाच्या पाण्यातला असेल तर आधी धुवा आणि चार-पाच दिवस स्वच्छ पाण्यावर तरंगत ठेवून मगच टाकीत सोडा. कासव तो दिवसभर थोडा थोडा चरत राहतं, आणि तिच्या पचनाला हीच पद्धत मानवते. नदीतली जलपर्णी मात्र आणू नका. ती घाण पाण्यातले जड धातू शोषून घेते.

कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मागा. माकुलाच्या पाठीतलं ते पांढरं हाड. अख्खा तुकडा घ्या, पूड नको. एका बाजूचा कडक, धारदार पापुद्रा सुरीने सोलून काढा आणि ४-५ सेंमीचा मऊ तुकडा पाण्यात तरंगत सोडा.

पण यूव्हीबी नसेल तर हे कॅल्शियम अंगी लागणार नाही. ५.० असं लिहिलेली यूव्हीबी ट्यूब २५-३० सेंमीवर, मध्ये काच किंवा अॅक्रिलिक न ठेवता, आणि दिवा दिसायला चांगला जळत असला तरी वर्षाच्या आत बदलायचा. दिवा येईपर्यंत सकाळचं ऊन अर्धा तास द्या : प्लास्टिकचा टब, थोडं पाणी, अर्ध्या टबावर सावली, कावळा-मांजरासाठी जाळी, आणि कोणीतरी शेजारी बसलेलं. काचेची टाकी उन्हात ठेवणं जीवघेणं आहे.

आणखी एक : वेगळ्या टबात खायला घातलं तर टाकीतलं पाणी स्वच्छ राहतं, म्हणून मी त्याच बाजूचा.

---

शेवाळ :

बाकी सगळ्याला +१, शेवटच्या मुद्द्याला नाही. आधीच खाणं सोडलेल्या कासवाला उचलून दुसरीकडे नेलं की ते बावरतं आणि मुळीच खात नाही. खाऊन झाल्यावर लगेच हाताळलं तर उलटून काढतं. तूर्त टाकीतच द्या, २० मिनिटांनी उरलेलं जाळीने काढा. खाणं पाण्यातच द्यायचं हे दोन्हीकडे खरं. त्याची जीभ घास मागे ढकलू शकत नाही, पाण्याशिवाय ते गिळूच शकत नाही.

---

आगर :

याच धाग्यात विचारतो. आमच्या गावी विहिरीत सापडलेलं मऊ पाठीचं कासव घरी टबात ठेवलंय. त्याला हाच आहार चालेल का?

---

खवले_आणि_कवच :

आगर, ते आपल्याकडचं मऊ कवचाचं देशी कासव असावं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार ते घरी ठेवता येत नाही. तारांकित कासवाचंही तसंच. आहार जुळवत बसू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, ते घेऊन जातील. तोवर टब सावलीत ठेवा, आणि खायला काही देऊ नका. स्लायडरवाल्यांसाठी याच्या उलट सूचना : ते परदेशी आहे, कंटाळा आला म्हणून तळ्यात किंवा देवळाच्या कुंडात सोडू नका. तिथल्या देशी कासवांचं खाणं आणि उन्हाच्या जागा ते बळकावतं.

---

गोदाकाठ :

सगळ्यांचे मनापासून आभार. खडे, थर्माकोल काढले. हीटर बसवला, पाणी आता २६ वर स्थिर आहे, बसायच्या जागी ३२. आज कोमट टबात शी झाली : गडद हिरवट-तपकिरी, लांबट, वर पांढरा चिकट भाग. फोडून पाहिली तर आत दोन गुलाबी खडे आणि थर्माकोलचे तीन-चार पांढरे मणी. वजन ७९५ ग्रॅम. डोळे उघडे आहेत, हात दिसला की पुढे येते. आता खायला सुरू करू का? पांढरा भाग म्हणजे काय?

---

खवले_आणि_कवच :

पांढरा भाग म्हणजे युरेट, कासवाची घट्ट लघवी. मऊ, चिकट असेल तर ठीक. वाळूसारखा खरखरीत किंवा खडूसारखा घट्ट झाला तर शरीरात पाणी कमी आहे.

वाट मोकळी आहे हे चांगलं लक्षण. तरी एक्स-रे काढाच. दोन खडे बाहेर आले म्हणजे आत अजून असू शकतात, आणि अंड्यांचंही कळेल. थर्माकोलचे मणी निघाले हे सांगायला विसरू नका, डबीत घालून नेलेत तर उत्तम. शी हाताळल्यावर हात साबणाने धुवा. साल्मोनेला हा माणसाला जुलाब लावणारा जिवाणू निरोगी कासवाच्या शीमध्येही असू शकतो, त्यामुळे टाकीचं पाणी आणि तो टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला टाकीत हात घालू देऊ नका.

---

अझोला :

उपासानंतर लगेच पोटभर नको. पहिल्या दिवशी सकाळी, ती तासभर उबेत बसून झाल्यावर, चार-पाच पेलेट भिजवून आणि किसलेली काकडी किंवा दुधी चिमूटभर. मग शी होईपर्यंत थांबा. ती नीट पचलेली दिसली, तुकडे तसेच निघाले नाहीत, की डोक्याच्या आकाराच्या अर्ध्या मापाने दिवसाआड. दहा-बारा दिवसांनी पूर्ण माप, पण दर तिसऱ्या दिवशी.

पाला लगेच खाणार नाही, पेलेटची सवय आहे. शेवग्याची पानं पेलेट भिजवलेल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि पाण्याच्या पातळीला क्लिपने अडकवा, फिल्टरच्या धारेत हलतील अशी. हलणाऱ्या गोष्टीवर ती तोंड टाकतेच. पेलेट नसलेल्या दिवशी सकाळी लावा, संध्याकाळी उरलेली काढा. बदल तीन-चार आठवड्यांत हळूहळू करा. पाला पचवणारे जिवाणू आतड्यात वाढायला तेवढा वेळ लागतो, आणि घाई केली तर पातळ शी सुरू होते. तशी झाली तर पाला अर्ध्यावर आणा, काकडी-दुधी बंद, पाणी २६ च्या खाली गेलंय का ते बघा. दोन-तीन दिवसांत घट्ट झाली नाही तर ताजी शी घेऊन तपासायला.

समुद्रफेस मात्र आजच टाकीत सोडा.